नॉर्मन हंटर नुसता पायच मारायचा का?

साठ-सत्तरच्या दशकातल्या लीड्स युनायटेडचा बचावपटू नॉर्मन हंटर याच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळच्या सदरात देत आहोत. काही प्रश्न त्याच्या आठवणींचे आहेत, काही टॅकलच्या, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावण्याच्या तंत्राचे आणि काही नियमांचे.

प्रश्न (पुणे): आमच्या आधीच्या पिढीतले फुटबॉलवेडे हंटरचं नाव निघालं की नडगी चोळायला लागतात. तो खरोखर इतका आडदांड होता, की नुसतीच दंतकथा?

उत्तर: आडदांड होताच, त्यात शंका नको. इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, म्हणजे एफए कपच्या १९७२च्या अंतिम सामन्यात लीड्सच्या पाठीराख्यांनी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर फलक धरला होता, ‘नॉर्मन तुमचे पाय चावतो’. तेव्हापासून हे बिरुद त्याला जन्मभर चिकटलं. पण त्या फलकामागे खेळाडू झाकला गेला, ही आमची खरी तक्रार आहे.

हंटरचा जन्म २९ ऑक्टोबर १९४३चा, ईशान्य इंग्लंडमधल्या गेट्सहेडजवळच्या एटन बँक्सचा. लीड्सचे व्यवस्थापक डॉन रेव्ही यांनी सप्टेंबर १९६२ मध्ये स्वानसीविरुद्ध त्याला लीड्सच्या पहिल्या संघात उतरवलं. संघ तेव्हा दुसऱ्या विभागात चाचपडत होता. तिथून १९७६ पर्यंत तो लीड्सकडून ७२६ सामने खेळला. १९६८-६९ आणि १९७३-७४ अशी दोन लीग विजेतेपदं, १९६८चा लीग कप, १९६८ आणि १९७१चे फेअर्स कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) आणि १९७२चा एफए कप ही त्याची कमाई. इंग्लंडकडून २८ सामने.

आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे १९७४ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने ‘वर्षातला सर्वोत्तम खेळाडू’ हा पुरस्कार प्रथमच दिला, तो हंटरला. मतं देणारे कोण, तर दर शनिवारी त्याच्यासमोर खेळणारे, त्याचे टॅकल अंगावर घेणारे खेळाडू. नुसत्या पाय मारणाऱ्याला असली मतं पडत नाहीत. त्या मोसमात लीड्स पहिल्या सामन्यापासून सलग २९ लीग सामने हरले नव्हते. फेब्रुवारी १९७४ मध्ये स्टोकने त्यांना ३-२ हरवलं तेव्हा ती मालिका तुटली.

तो डावखुरा होता. सहा नंबरचा शर्ट घालून जोडीदार बचावपटू जॅक चार्ल्टनच्या डाव्या हाताला उभा राहायचा. उंच चेंडू चार्ल्टनचा आणि त्यातून खाली पडलेला चेंडू हंटरचा, अशी साधारण वाटणी. चेंडू मिळाला की तो डाव्या पायाने सरळ आघाडीपर्यंत लांब पास द्यायचा. लीड्सचे कितीतरी हल्ले हंटरच्या टॅकलपासून सुरू व्हायचे, आणि ही बाजू आठवणींत सहसा येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवतो. जुन्या चित्रफितींतला हंटरचा उभ्याने केलेला टॅकल दाखवला, तर मुलं पाय उगारून जातात आणि घोटे मुरगळून घेतात. हा टॅकल नेमका शिकवायचा कसा?

उत्तर: उभ्याने केलेल्या टॅकलला ब्लॉक टॅकल म्हणतात. चित्रफितीत दिसतो तो शेवटचा धक्का. मुलं तेवढाच उचलतात आणि आधीची तयारी सोडून देतात. तयारी अशी.

पळत येताना शेवटच्या दोन-तीन मीटरला वेग मोडायचा आणि पावलं बारीक करायची. समोरच्याच्या थेट तोंडावर जायचं नाही, थोडं कमानीत जाऊन अंग तिरकं ठेवायचं. म्हणजे त्याला एकच वाट उरते आणि तो कुठे जाणार हे आपण ठरवतो. नजर चेंडूवर ठेवायची. कंबर, खांदे, पाय सगळे फसवतात, चेंडू फसवत नाही. फॉरवर्डने चेंडू ढकलला आणि तो त्याच्या पायापासून पाऊलभर लांब गेला, की तोच क्षण. त्याच्या आधी गेलात तर तो चेंडू वळवून निघून जाईल, उशीर झाला तर तुमच्या पायाखाली चेंडूऐवजी त्याचा पाय येईल.

मग टेकूचा पाय चेंडूच्या शेजारी, साधारण वीतभर अंतरावर टाकायचा. दोन्ही गुडघे वाकलेले हवेत. टॅकलचा पाय मांडीपासून बाहेर वळवायचा, पावलाची आतली बाजू चेंडूकडे, चवडा किंचित वर आणि घोटा आवळून घट्ट. मारायचं चेंडूच्या मधोमध, खाली नाही आणि वरही नाही. छाती चेंडूच्या वर यायला हवी. कुस्तीत अंगाचा भार खाली ठेवूनच पट काढतात, तसंच इथेही आहे, जोर पायातून येत नाही, कंबरेतून येतो. दोघांचे पाय एकाच वेळी चेंडूला भिडले आणि चेंडू अडकला, तर मागे ओढायचा नाही. पाय तसाच दाबून ठेवून चेंडू समोरच्याच्या पावलावरून वर उचलायचा किंवा घरंगळवायचा. हंटर हे फार सुंदर करायचा. पुष्कळदा टॅकल संपता संपता चेंडू त्याच्या डाव्या पायात तयार असायचा.

आता चुकतं कुठे ते पाहू. मुलं घाबरून अंग मागे टाकतात. अंग मागे गेलं की पाय आपोआप वर येतो, चेंडूवरून घसरतो आणि स्टड समोरच्याच्या नडगीवर बसतात. म्हणजे सगळ्यात धोकादायक टॅकल बहुधा भीतीपोटी होतो, दांडगाईपोटी नाही. दुसरी चूक म्हणजे सैल घोटा. दोन पायांमध्ये चेंडू दाबला जातो तेव्हा सगळा ताण जिथे ढिलाई असेल तिथे जातो, आणि घोट्याचे बंध दुखावतात. तिसरी, टेकूचा पाय लांब पडणं. मग पाय ताणून पोचावं लागतं, जोर जातो आणि जांघेत कळ येते.

सराव या क्रमाने घ्या. आधी दोन मुलं समोरासमोर, मध्ये चेंडू, प्रत्येक जण एका पावलावर. तुम्ही आकडा म्हटला की दोघांनी एकदम, अर्ध्या जोराने पाय लावायचा. वजनाने आणि उंचीने जोड्या सारख्या असाव्यात. उजव्या-डाव्या पायाने आलटून पालटून करा, कारण मुलं एकच पाय पुढे करतात. ते जमलं की तीन पावलांवरून, मग एकाला चालत चेंडू आणायला लावून, आणि सगळ्यात शेवटी पळत. नडगीचे पॅड पहिल्या दिवसापासून घालायला लावा. घसरून टॅकल करणं या वयात सर्वांत शेवटी, आणि खडकाळ किंवा कडक मैदानावर अजिबात नको. मांडीची सालं निघतात, आणि सुक्या जमिनीत स्टड रुतून गुडघा पिळतो.

प्रश्न (सांगली): त्या काळातल्या सामन्यांत मैदान म्हणजे नुसता चिखल दिसतो. चिखलाचा फायदा टॅकल करणाऱ्याला होतो की चेंडू खेळवणाऱ्याला?

उत्तर: टॅकल करणाऱ्याला, आणि भरपूर. चिखलात चेंडू अंदाजापेक्षा आधी थांबतो. ड्रिबल करणाऱ्याने ढकललेला चेंडू दोन पावलं पुढे जायचा तो एका पावलावरच राहतो, आणि त्याला वेग मोडून पुन्हा चेंडूवर यावं लागतं. बचावपटूला हवा असतो तेवढा वेळ तिथेच मिळतो. शिवाय ओल्या गवतावर घसरणारा लांबवर जातो. सुक्या मैदानात ज्या चेंडूपर्यंत पाय पोचणार नाही, तिथे ओल्यात पोचतो.

चेंडूही वेगळा होता. नियमातलं वजन कोरड्या चेंडूचं, चौदा ते सोळा औंस, म्हणजे ४०० ते ४५० ग्रॅमच्या आसपास. पण चामडं पाणी पितं. जड झालेला चेंडू ब्लॉक टॅकलमध्ये दोन पायांत अडकला की उडून जात नसे, तिथेच दाबला जाई, आणि ज्याचं अंग चेंडूवर जास्त त्याला तो मिळे. हंटरसारख्याला हे मानवायचं. बुटाच्या स्टडची लांबी पाऊण इंचापर्यंत चालत असे, चिखलात सगळेच लांब स्टड लावायचे, आणि टॅकल हुकला तर खुणा त्या हिशेबाने उमटायच्या.

तोटा एकच. घसरत निघालेला माणूस चिखलात थांबू शकत नाही. समोरच्याने चेंडू काढून घेतला तरी याचा पाय जातच राहतो. त्या काळातले अनेक वाईट फाउल या अर्ध्या सेकंदातले आहेत.

प्रश्न (नाशिक): चेल्सीचा ‘चॉपर’ हॅरिस आणि हंटर यांत जास्त कडक कोण? दोघं १९७०च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात समोरासमोर होते ना?

उत्तर: होते, आणि एकदा नाही, दोनदा. ११ एप्रिल १९७०ला वेम्ब्लीवर २-२ बरोबरी झाली. घोड्यांच्या कसरतींच्या स्पर्धेने खणलेलं ते मैदान फुटबॉलच्या लायकीचं राहिलं नव्हतं. त्या दिवशी लीड्सच्या एडी ग्रेने चेल्सीच्या डेव्हिड वेबला अक्षरशः नाचवलं. २९ एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर फेरसामना झाला. चेल्सीचे व्यवस्थापक डेव्ह सेक्स्टन यांनी वेबला मधे घेतलं आणि कप्तान रॉन हॅरिसला राइट बॅक केलं. हॅरिसने सुरुवातीलाच ग्रेच्या पायावर असा घाव घातला की पहिल्या सामन्याचा हिरो पुढे सामनाभर निम्म्याने खेळला. दुसरीकडे लीड्सच्या मिक जोन्सच्या धडकेने चेल्सीचा गोलरक्षक पीटर बोनेटी जखमी झाला, एका पायावर खेळत राहिला, आणि थोड्या वेळाने जोन्सनेच गोल केला. पुढे पीटर ऑसगुडने झेपावत डोकं लावून बरोबरी केली आणि जादा वेळेत हचिन्सनच्या लांब थ्रोवर वेबने विजयी गोल केला. चेल्सी २-१.

पंच एरिक जेनिंग्ज यांनी त्या अख्ख्या सामन्यात एकाच खेळाडूचं नाव वहीत घेतलं, चेल्सीच्या इयन हचिन्सनचं. १९९७ मध्ये पंच डेव्हिड एलेरे यांनी चित्रफीत बघून आजच्या नियमांनी हिशेब मांडला तेव्हा सहा लाल आणि वीस पिवळी कार्डं निघाली. २०२० मध्ये मायकल ऑलिव्हर यांनी पुन्हा पाहिलं, तर लालच अकरा.

प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, हॅरिस आधी माणूस थांबवायचा आणि मग चेंडू बघायचा. हंटर चेंडूसाठी जायचा आणि वाटेत माणूस आला तर त्याची फिकीर करायचा नाही. दोन्हींत दुखायचं तेवढंच, पण फुटबॉलपटू म्हणून हंटर वरचढ. हॅरिस चेल्सीकडून विक्रमी ७९५ सामने खेळला, पण इंग्लंडच्या मुख्य संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. हंटरला मिळाली, तीही कप्तान बॉबी मूरसारखा माणूस त्याच जागेवर असताना.

प्रश्न (नागपूर): तुम्ही त्याची बाजू घेता. पण १९६८च्या युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या ओसिमला त्याने जायबंदी केलं, त्याचं काय?

उत्तर: त्याचं समर्थन होणार नाही. ५ जून १९६८, फ्लॉरेन्स, उपांत्य सामना. इविका ओसिम हा युगोस्लाव्हियाचा सगळ्यात हुशार खेळाडू. सुरुवातीच्या मिनिटांतच हंटरने त्याच्यावर जबर टॅकल केला. ओसिम पुढे लंगडत खेळला आणि अंतिम सामन्याला मुकला. तो सामना युगोस्लाव्हियाने द्रागान जाइचच्या उशिराच्या गोलवर १-० जिंकला. शेवटी शेवटी इंग्लंडच्या ॲलन मलेरीने सूड म्हणून लाथ मारली आणि मैदानाबाहेर काढला गेलेला इंग्लंडचा तो पहिला खेळाडू ठरला. अंतिम फेरीत इटलीविरुद्ध पहिला सामना १-१ झाला, फेरसामन्यात युगोस्लाव्हिया २-० हरला. ओसिम असता तर काय झालं असतं, हे त्या देशातले जुने लोक अजून विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

याच स्पर्धेची दुसरी बाजूही सांगायला हवी. महिनाभर आधी, ८ मे रोजी, माद्रिदला स्पेनविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीच्या परतीच्या सामन्यात इंग्लंड २-१ जिंकलं. विजयी गोल हंटरचा होता.

प्रश्न (ठाणे): १९७३च्या पोलंडविरुद्धच्या सामन्याचं खापर हंटरवर का फोडतात? एका बचावपटूच्या चुकीने देश विश्वचषकाला मुकतो का?

उत्तर: १७ ऑक्टोबर १९७३, वेम्ब्ली. १९७४च्या विश्वचषकासाठी इंग्लंडला विजयच हवा होता, पोलंडला बरोबरी पुरत होती. जूनमध्ये खोजूफला पोलंडने इंग्लंडला २-० हरवलेलं. त्या पराभवानंतर इंग्लंडचे व्यवस्थापक आल्फ रॅम्सींनी मूरला वगळून त्याच्या जागी हंटरला घेतलं.

इंग्लंड हल्ल्यामागून हल्ले करत होतं आणि पोलंडचा गोलरक्षक यान तोमाशेव्स्की जमेल त्या अवयवाने चेंडू अडवत होता. उत्तरार्धात, ५७व्या मिनिटाला, मध्यरेषेजवळ, अगदी टचलाइनला लागून एक चेंडू हंटरकडे आला. इंग्लंडचे बहुतेक खेळाडू पुढे गेलेले. अशा वेळी बचावपटूपुढे दोन पर्याय असतात. चेंडू बाहेर तडकावायचा, थ्रो-इन द्यायचा आणि मागची फळी जागेवर येऊ द्यायची, किंवा चेंडू जिंकून, मैदानातच ठेवून हल्ला सुरू ठेवायचा. हंटरने दुसरा घेतला. चेंडू निसटला, ग्झेगोश लाटो तो घेऊन पळाला, आत दिलेल्या पासवर यान दोमार्स्कीने फटका मारला आणि चेंडू इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टनच्या अंगाखालून जाळ्यात गेला. सहा मिनिटांनी ॲलन क्लार्कने पेनल्टीवर बरोबरी केली. त्यापुढे चेंडू आत गेला नाही. १-१. इंग्लंड बाहेर.

तंत्राच्या दृष्टीने चूक टॅकलची नव्हती, निर्णयाची होती. मागे कुणीही नसताना टचलाइनजवळ चेंडू जिंकायला जाणं म्हणजे सगळं पणाला लावणं. टॅकल फसला तर त्याची किंमत किती, हे पाय टाकण्याआधी ठरवायचं असतं. मागे दोन माणसं असतील तर जा. कुणीच नसेल तर चेंडू बाहेर घाला. हंटर हे रोज करायचा. त्या एका क्षणी विजयाची घाई त्याच्यावर भारी पडली.

पण खापर त्याच्या एकट्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. शिल्टनने अडवायला हवा होता असा तो फटका. नव्वद मिनिटांत इतक्या संधी मिळूनही इंग्लंडला खेळताखेळता एकही गोल करता आला नाही. याच गटात जानेवारीत वेल्सविरुद्ध वेम्ब्लीवर १-१ झालं, तिथे इंग्लंडचा गोल हंटरने लांबून मारलेला होता. आणि पोलंड काही नशिबाने पुढे गेलेला संघ नव्हता. पश्चिम जर्मनीतल्या विश्वचषकात ते तिसरे आले आणि लाटो सात गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. हे १९७४च्या उन्हाळ्यात कळलं. ऑक्टोबर १९७३ मध्ये मात्र सगळा राग हंटरवर निघाला.

प्रश्न (मडगाव): फ्रान्सिस ली आणि हंटरची मारामारी नेमकी कशावरून झाली?

उत्तर: १ नोव्हेंबर १९७५, डर्बीचं बेसबॉल ग्राउंड. आधी हंटरच्या टॅकलवर डर्बीचा फॉरवर्ड ली पडला आणि डर्बीला पेनल्टी मिळाली. लीड्सच्या मते ली मुद्दाम पडला होता. चार्ली जॉर्जने ती पेनल्टी मारली. उत्तरार्धात एका झटापटीनंतर हंटरचा ठोसा लीच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर जाता जाता ली पुन्हा हंटरवर धावून गेला, दोन्ही संघ मध्ये पडले. डर्बी ३-२ जिंकलं. टीव्हीचे कॅमेरे हजर होते म्हणून ती चित्रफीत अजून फिरते आणि हंटर म्हटलं की अनेकांना तेवढीच आठवते. यात टॅकलचं कौशल्य काही नाही, नुसता संताप आहे. १९७३च्या मे महिन्यातही, ग्रीसमधल्या सालोनिकाला मिलानविरुद्धच्या युरोपीय कप विजेत्यांच्या कपच्या अंतिम सामन्यात, मागून पायावर मार बसल्यावर हंटर चिडून धावून गेला होता आणि त्याला बाहेर जावं लागलं होतं. लीड्स तो सामना ०-१ हरले. पंच क्रिस्तोस मिहास यांच्यावर पुढे बंदी आली, तरी निकाल बदलला नाही.

प्रश्न (मुंबई, दादर): आजच्या नियमांत हंटर किती मिनिटं टिकला असता?

उत्तर: पहिल्या मोसमात फार नाही. पण तो हुशार होता, दुसऱ्या मोसमापर्यंत शिकला असता. त्याच्या काळात काय काय नव्हतं ते आधी पाहा.

कार्डं नव्हती. पिवळं-लाल कार्ड १९७०च्या मेक्सिको विश्वचषकात आलं. इंग्लिश लीगमध्ये ते पोचलं २ ऑक्टोबर १९७६ला, म्हणजे हंटरची लीड्समधली कारकीर्द संपता संपता. १९८१ मध्ये ती मागेही घेतली आणि १९८७ मध्ये परत आली. त्याआधी पंच बोलावून समज देत, फारच झालं तर वहीत नाव. पहिला जोरदार टॅकल बहुधा समजेवरच सुटत असे. म्हणून हे कडक बचावपटू पहिल्या पाच मिनिटांतच समोरच्या विंगरला आपली ओळख करून देत. १९७१च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश पंचांनी मागून होणाऱ्या टॅकलविरुद्ध एकदम सक्ती सुरू केली, तेव्हा खेळाडू गोंधळले होते.

बदली खेळाडूंचाही विचार करा. इंग्लिश लीगमध्ये १९६५ मध्ये पहिल्यांदा एक बदली खेळाडू मिळाला, तोही फक्त जखमीच्या जागी. नंतर कुठल्याही कारणाने. एकच बदली असताना समोरचा मुख्य खेळाडू लंगडा झाला की त्या संघाचं गणितच कोलमडायचं. आज पाच बदली खेळाडू आहेत, त्यामुळे तशा दांडगाईचा फायदाही राहिला नाही.

आता नियम तीन पायऱ्यांत आहे. निष्काळजीपणे टॅकल केला तर फ्री किक, बेदरकारपणे केला तर पिवळं, अवाजवी जोराने किंवा समोरच्याला इजेचा धोका होईल असा केला तर लाल. चेंडूला पाय लागला होता हा बचाव चालत नाही. हे अनेक जुन्या प्रेक्षकांना पटत नाही, पण नियम स्पष्ट आहे. १९९८च्या फ्रान्स विश्वचषकापासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्डाची सूचना आहे. नडगीचे पॅड १९९०पासून सक्तीचे झाले.

हंटरचा समोरून केलेला ब्लॉक टॅकल आजही शंभर टक्के कायदेशीर आहे. बाद ठरला असता तो मागून घसरत केलेला.

प्रश्न (अमरावती): १९६६च्या विश्वविजेत्या संघात तो होता म्हणतात, मग पदक का नव्हतं?

उत्तर: बावीस जणांत होता, खेळला एकही सामना नाही. तेव्हा पदकं फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना मिळत. फिफाने नंतर नियम बदलला आणि जून २००९ मध्ये लंडनमध्ये पंतप्रधान निवासात उरलेल्यांना पदकं देण्यात आली. हंटर तेव्हा पासष्ट वर्षांचा होता.

प्रश्न (मुंबई, परळ): भारताकडे असा बचावपटू कधी होता का?

उत्तर: जर्नेलसिंग. मोहन बागानचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, साठचं दशक. टॅकलच्या कडकपणात त्याची गणना कुठल्याही देशाच्या बचावपटूत करावी. फरक असा की गरज पडली तेव्हा तो पुढेही खेळला. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला फॉरवर्ड केलं, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारताच्या दोन गोलांपैकी एक त्याचा होता. दुसरा पी. के. बॅनर्जींचा. भारत २-१. हंटरला जसं बिरुदाने झाकलं, तसं जर्नेलला विस्मरणाने. दुसरं जास्त वाईट.

प्रश्न (लीड्स, इंग्लंड): इथे राहायला आल्यापासून लीड्सच्या एलंड रोड मैदानावर जातो. जुने लोक अजून हंटरबद्दल हळवे होऊन बोलतात. त्याचा खेळ आज समजून घ्यायचा तर कुठली चित्रफीत, आणि त्यात काय बघायचं?

उत्तर: हळवे होणारच. १७ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी, कोरोनाने तो गेला तेव्हा टाळेबंदी होती आणि गावाला त्याला नीट निरोपही देता आला नाही. तुम्ही बसता त्या मैदानाच्या दक्षिण स्टँडला आता त्याचं नाव आहे.

मारामारीच्या चित्रफिती बाजूला ठेवा. ६ मे १९७२चा एफए कप अंतिम सामना बघा, लीड्स विरुद्ध आर्सेनल. गोलचा क्षण सगळ्यांना माहीत आहे, मिक जोन्सचा क्रॉस आणि ॲलन क्लार्कचं डोकं, १-०. तुम्ही मात्र चेंडू लीड्सच्या अर्ध्यात आला की चेंडूवरून नजर काढा आणि सहा नंबरवर ठेवा. पास सुटण्याआधी तो दोन पावलं कुठे सरकतो ते टिपा. टॅकलची वेळ येण्याआधीच तो निम्मा चेंडू जिंकून ठेवतो, कारण फॉरवर्डला वळायला जागाच राहत नाही. मग टॅकल झाल्यावर लगेचची तीन सेकंदं बघा, डावा पाय चेंडू कुणाला देतो ते. उजव्या पायाचा वापर किती कमी आहे हेही लक्षात येईल. त्याला उजव्या पायावर खेळायला लावणं हा प्रतिस्पर्ध्यांचा एक ठरलेला डाव होता.

सामना संपल्यावरही चित्रफीत बंद करू नका. अगदी शेवटी जोन्सचं कोपर निखळलं होतं. बाकीचा संघ पदकं घेऊन खाली उतरल्यावर बँडेज बांधलेल्या जोन्सला एकट्याने शाही कक्षाच्या पायऱ्या चढायच्या होत्या. त्याच्या सोबतीला, त्याला आधार देत पायऱ्या चढवणारा आणि उतरवणारा जो खेळाडू दिसतो, तो हंटर आहे.